जुन्या मोटारीचे मंद दिवे



या मालेत गेले चार दिवस संतवाङ्मय, अर्थसंकल्प, हवामानबदल अशा भारदस्त विषयांवर विद्वान मंडळी बोलून गेली, हे बाहेरच्या फलकावर आम्ही वाचले. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही मोटारीचे दिवे घेऊन बसलो आहो. संयोजकांनी बोलावणे पाठविले तेव्हा त्यांच्या मनात कामगारकायद्यांचा विषय असावा. आम्ही विषय कळविला, तेव्हा फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग ते सभ्यपणाने म्हणाले, "हरकत नाही, विषय प्रकाशाचाच आहे." त्यांनी त्यात काही आध्यात्मिक अर्थ पाहिला असेल तर आमची आधीच क्षमा असावी. आम्ही खरोखरच बल्ब, वायर आणि होल्डर यांच्याविषयी बोलणार आहोत.

हा विषय आम्हांला का सुचला ते प्रथम सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मोटारकामगारांची एक बैठक आटोपून आम्ही रात्री कराडहून तासगावकडे निघालो होतो. गाडी म्हणजे वीस-बावीस वर्षांची वडापची जीप. चालक आमचाच सभासद, हात कसलेला, व्यसन कसले नाही. हंगाम उसाचा. त्या भागात रात्री-अपरात्री उसाच्या गाड्या कारखान्याकडे रांगेने चाललेल्या असतात, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेल. कुठे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, कुठे बैलांची टायरगाडी. गाडीवर ऊस असा रचलेला की मागून ती गाडी आहे की रस्त्याकडेचे झुडूप आहे हे कळू नये. मागे ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी.

आम्ही चालकाशेजारी बसून बोनसच्या हिशेबाबद्दल बोलत होतो. एकाएकी समोर, अगदी रस्त्याच्या मधोमध, एक लहानसा पांढरा ठिपका हलला. चालकाने ब्रेक दाबला, गाडी तिरकी झाली आणि थांबली. समोर चार हातांवर उसाची बैलगाडी होती. तिच्यामागून एक बाई पायी चालत होती. आमच्या गाडीचा आवाज ऐकून तिने हातातला मोबाईल डोक्यावर धरून हलविला होता. तिच्या खांद्यावर मूल झोपलेले होते. ती काही बोलली नाही, आम्हीही बोललो नाही. गाडी पुढे गेली.

त्या रात्री त्या मायलेकरांना वाचविले ते मोबाईलच्या दिव्याने. आमच्या जीपचे दोन्ही हेडलाइट तेव्हा चालू होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालक म्हणाला, "साहेब, लाइट जुने झाले." आम्ही मान हलविली. वर्षानुवर्षे आम्ही अशीच मान हलवीत आलो होतो. माणूस म्हातारा झाला की नजर जाते, गाडी म्हातारी झाली की दिवे जातात, हे आम्ही निसर्गनियमासारखे धरून चाललो होतो. आज आम्ही येथे उभे आहो ते हे मत चुकीचे होते असे सांगण्यासाठी.

आधी थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर काही दिसले, ते काय आहे हे मेंदूला उमगले आणि पाय ब्रेकवर पोचला, यात रात्रीच्या वेळी दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर थांबायला, ब्रेक चांगले असतील आणि रस्ता कोरडा असेल तर, आणखी २८ मीटरच्या आसपास लागतात. एकूण ५३ मीटर झाले. आता विचारावयाचे ते एवढेच, की आमच्या दिव्यांना ५३ मीटरवरची मळकट लुगड्यातली बाई दिसते काय?

येथे प्रकाशाचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. अंतर दुप्पट केले की तेवढाच उजेड पाडायला चौपट प्रकाश लागतो. याचे दुसरे टोक असे, की दिव्याचा प्रकाश निम्मा झाला तर त्याची पोच निम्मी होत नाही, साधारण सात-दशांश होते. ५० मीटरची ३५ मीटर होते. ऐकायला बरे वाटते, कारण निम्म्यापेक्षा जास्तच उरले. पण गेलेले ते १५ मीटरच त्या बाईचे होते. वेग ४० वर आणला तर याच हिशेबाने थांबण्याचे अंतर २९ मीटरवर येते. म्हणून दिवे दुरुस्त होईपर्यंत सावकाश चालवा, हा पहिला आणि फुकटचा उपाय. पण तो आम्ही सांगतो आणि कुणी ऐकत नाही. खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला 'सावकाश जा' म्हणणे सोपे असते, त्याची चूल आपल्या घरात नसते.

आता त्या चालकाने काय केले ते ऐका. त्याने बाजारातून १०० वॅटचे बल्ब आणून घातले. मूळचे होते ६०-५५ वॅटचे, म्हणजे अप्परला ६० आणि डिप्परला ५५. आठवड्याने तो परत आला आणि म्हणाला, "उजेडात फरक नाही, उलट डॅशबोर्डमागून करपल्याचा वास येतो." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आम्ही संपाच्या वाटाघाटींत अनेकदा वापरली आहे. ती आमच्याच सभासदाच्या जीपला इतकी चपखल बसेल असे वाटले नव्हते.

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. ओहमचा नियम आम्हांला चाळिशी उलटल्यावर कळला, तोही एका वर्कशॉपमधल्या जळक्या स्विचवरून. पण नियम उशिरा कळला म्हणून तो कमी लागू होतो असे नाही. आम्ही संघटनेच्या ओळखीच्या एका मोटार-वायरमनला गाठले. त्याने मूळचे बल्ब परत घालायला लावले, एंजिन चालू ठेवले, अप्पर लावला आणि मीटरचे दोन काटे घेऊन मोजायला लागला. बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट. बल्बच्या मागे, होल्डरात, ११.६ व्होल्ट. वाटेत २.२ व्होल्ट मुरले होते.

आम्ही म्हणालो, एवढेच ना? शंभरात सोळा गेले. तेव्हा त्याने आम्हांला जी गोष्ट सांगितली ती आम्ही नंतर पुस्तकांतून पडताळून पाहिली. तारेच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने कमी होतो. दाब दहा टक्के घटला तर प्रकाश तीस टक्के घटतो. गणिताच्या भाषेत प्रकाश हा दाबाच्या सुमारे ३.४ व्या घाताप्रमाणे बदलतो. कारण उघड आहे. तार जितकी कमी तापेल तितकी ती पिवळी आणि लालसर पडते, आणि तिच्या उष्णतेपैकी डोळ्याला दिसणारा भाग भराभर आटतो. आमच्या जीपच्या हिशेबात शंभरातले सोळा व्होल्ट गेले, पण प्रकाश उरला होता शंभरात पंचावन्न.

सभेतल्या कामगार बंधूंना हे लगेच समजेल. कचेरीतून पगार पुरा निघतो. वाटेत मुकादमाचा कट, उचलीची वजावट, कसला तरी फंड. हातात येतो तेव्हा शंभराचे चौऱ्याऐंशी झालेले असतात. मालक म्हणतो, सोळाच तर गेले. पण भाडे आणि वाण्याचा हप्ता काही कमी होत नाही, त्यामुळे ताटातली भाकरी मात्र निम्मी होते. दिव्याचे नेमके हेच आहे. बल्ब हा कामचुकार नसतो. त्याला पोटभर मिळत नसते.

मग हे २.२ व्होल्ट कुणी खाल्ले? वायरमनने एकेक ठिकाण मोजले. डॅशबोर्डवरच्या लाइटच्या बटणात ०.६. अप्पर-डिप्परच्या स्विचमध्ये ०.४. तारेत आणि तिच्या जोडांत मिळून ०.७. आणि उरलेला ०.५ व्होल्ट परतीच्या वाटेवर, म्हणजे ज्याला आपण अर्थ म्हणतो तेथे. कुणा एकावर खटला भरावा असा गुन्हेगार नव्हता. सगळ्यांनी थोडेथोडे घेतले होते.

हे असे का होते? जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा प्रवाह बॅटरीतून निघून बॉनेटखालून आत डॅशबोर्डपर्यंत जातो, बटणातून फिरतो, मग दुसऱ्या स्विचमधून, आणि परत पुढे बत्तीपर्यंत येतो. दोन्ही अप्पर मिळून १२० वॅट, म्हणजे सुमारे १० अँपियरचा प्रवाह. एक चौरस मिलीमीटर जाडीची तांब्याची तार घेतली आणि तिचा फेरा चार मीटरचा झाला, तर नव्या तारेतसुद्धा पाऊण व्होल्टच्या आसपास जातो. वीस वर्षांत त्या तारेची टोके हिरवी पडतात, बटणातले पत्रे काळे पडतात, जोड सैल होतात. गाडी नवी असतानाही ही वाट उदार नव्हतीच. काटकसर कारखान्यातच झालेली असते आणि तिचे व्याज पुढे दुसरा-तिसरा मालक फेडत बसतो.

आता १०० वॅटच्या बल्बांचे कोडे सुटते. मोठ्या बल्बाला प्रवाह दीडपट लागतो. वाट तीच अरुंद, मग गळतीही दीडपट, म्हणजे तीन व्होल्टांच्या वर. आणि वाटेत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. आधी त्या तारा-बटणांत २२ वॅट उष्णता होत होती, ती ५० वॅटच्या घरात गेली. डाग देण्याचे हत्यार, ज्याला सोल्डरिंग आयर्न म्हणतात, ते २५ वॅटचे असते. अशी दोन हत्यारे तापवून वायरिंगच्या जुडग्यात ठेवली असे समजा. वास येणार नाही तर काय होणार? जास्त वॅटचा बल्ब घालून पुढे वितळलेले होल्डर आणि काळवंडलेल्या काचा आम्ही त्यानंतर बऱ्याच पाहिल्या.

उपाय फार जुना आहे आणि त्याचे नाव रिले. सुपारीच्या डबीएवढी ही वस्तू. तिच्या पोटात एक लहान विद्युत्‌चुंबक असतो. डॅशबोर्डवरचे बटण आता बत्तीला प्रवाह देत नाही, फक्त या चुंबकाला देते, आणि त्याला लागतो अँपियरचा पाचवा-सहावा हिस्सा. चुंबक आतली पट्टी ओढतो, आणि बॅटरीपासून थेट, जाड तारेने, आखूड वाटेने प्रवाह बत्तीला मिळतो. बटणाचे काम हुकूम देण्याचे, माल वाहण्याचे नाही.

ज्यांना स्वतः करून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी तपशील सांगतो. रिलेच्या पायांवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी तार, ८७ वरून बत्तीकडे जाणारी. ८५ आणि ८६ ही चुंबकाची दोन टोके. एकाला पूर्वी बत्तीकडे जात होती ती जुनी तार, दुसऱ्याला अर्थ. अप्परला एक आणि डिप्परला एक असे दोन रिले घ्यावेत. खर्च वाचविण्यासाठी एकावर भागवू नये, कारण एक बिघडला तर घाटात दुसरा हाताशी पाहिजे. बॅटरीकडची तार निदान अडीच चौरस मिलीमीटरची असावी. आणि तिच्यात फ्यूज हवाच, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. ही तार कधी पत्र्याला घासून उघडी पडली आणि मध्ये फ्यूज नसेल तर गाडी पेटते. हे सांगताना आम्ही आवाज मुद्दाम चढवतो. अनेक कारागीर फ्यूज विसरतात आणि ग्राहकाला ते कळत नाही, कारण दिवे तसेही लागतात. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी. होल्डर चिनीमातीचे मिळतात, ते घ्यावेत.

अर्थकडे सगळ्यांचे दुर्लक्ष होते. प्रवाह बत्तीपर्यंत गेला तेवढे पुरत नाही, त्याला परत यावे लागते. जुन्या गाडीत तो चिखलपाण्याने गंजलेल्या पत्र्यातून, रंगाच्या थरावर बसलेल्या एका स्क्रूमधून परत येतो. दोन दिव्यांपैकी एकच मंद असेल, किंवा इंडिकेटर लावला की हेडलाइटही त्याच तालावर लुकलुकत असेल, तर दुसरे काही तपासण्याआधी तो स्क्रू काढा, खालचा पत्रा घासून चकचकीत करा, आणि जमल्यास बत्तीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र तार ओढा. आमच्या जीपला एवढे सगळे केल्यावर पुन्हा मोजले. बत्तीवर १३.४ व्होल्ट आले. मूळच्याच ६०-५५ च्या बल्बातून पूर्वीच्या दीडपटीहून जास्त प्रकाश. सामान आणि मजुरी मिळून खर्च बाराशे रुपयांच्या आत. चालक दिव्यासमोर उभा राहून काही वेळ पाहत होता. मग म्हणाला, "हे आतच होतं म्हणायचं."

मात्र सगळ्याच मंद दिव्यांचा रोग तारेत नसतो. नाडी पाहायला शिकावे. गाडी उभी असताना दिवा पिवळा आणि ॲक्सिलरेटर दाबला की पांढरा होत असेल, तर दोष डायनॅमो, अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा बॅटरी यांच्यात. कायम पिवळा असेल तर वायरिंगमध्ये. दिवा पांढरा आहे, बत्तीवर दाबही पुरा आहे, पण रस्त्यावर उजेड पडत नाही, तर दोष बल्बच्या भोवती.

भोवती म्हणजे परावर्तक आणि काच. परावर्तकावरचा मुलामा उडाला, काळा पडला, तर त्याला दुसरा इलाज नाही, बदलावाच लागतो. तो राखेने किंवा पॉलिशने घासू नये. त्यावरचा थर इतका पातळ असतो की घासणाऱ्याच्या फडक्यावर तो निघून येतो. जीप, पद्मिनी, अँबॅसडर या गाड्यांचे गोल सात इंची दिवे या बाबतीत सोयीचे, कारण तेवढ्याच मापाचा नवा दिवा अजून सहज मिळतो. ही मापे अमेरिकेत १९४० सालच्या गाड्यांपासून रूढ झालेल्या सीलबंद दिव्यांची. त्यात बल्ब वेगळा नसेच. तार तुटली की अख्खा दिवा बदलावयाचा. युरोपात १९६२ पासून मोटारींना हॅलोजन बल्ब आले, आणि १९७१ मध्ये अप्पर-डिप्पर एकाच बल्बात देणारा एच-फोर आला. आपल्याकडील असंख्य जुन्या गाड्यांत आज तोच आहे. हॅलोजनचे वैशिष्ट्य असे, की तारेवरून उडालेला धातू आतला वायू पुन्हा तारेकडे पोचवतो, त्यामुळे काच काळी पडत नाही. तो बसविताना काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग तापून काच फुटू शकते.

पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यांची पुढची काच ही काच नसून प्लॅस्टिक असते आणि उन्हाने ती पिवळी, धुरकट होते. टूथपेस्टने घासण्याचा उपाय घरोघरी चालतो. त्याने चार दिवस बरे दिसते आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या, कारण उन्हापासून राखणारा मूळचा थर गेलेलाच असतो. पाण्याच्या कागदाने आधी जाड, मग बारीक, मग अगदी दोन-तीन हजार नंबरपर्यंत घासून वर ऊन थोपविणारा पारदर्शक लेप दिला तरच ते टिकते.

आता आम्ही दुसऱ्या पक्षाची बाजू मांडणार आहोत. समोरून येणाऱ्याची.

आमच्या जीपचे दिवे सुधारल्यावर चालकाला इतका आनंद झाला की तो डिप्पर मारायचे विसरला. दुसऱ्या सभासदाने त्याच्यावर कडी करून बाजारातून निळसर पांढऱ्या एलईडी बत्त्या आणून जुन्या हॅलोजनच्या दिव्यात घातल्या. उजेड पुष्कळ पडला. कुठे पडला विचाराल, तर झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एच-फोर बल्ब हातात धरून पाहा. डिप्परच्या तारेखाली एक चिमुकली धातूची वाटी दिसेल. ती तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे परावर्तकाचा वरचा भागच वापरला जातो आणि प्रकाश रस्त्यावर उतरतो. तारेची जागा आणि वाटीची कड यांवर त्या दिव्याची सगळी रचना बेतलेली असते. त्या जागी वेगळ्या आकाराचा एलईडीचा तुकडा बसविला की हिशेब बिघडतो. परावर्तकासह अख्खा एलईडी दिवाच त्या मापात बनविलेला असेल, तर ती गोष्ट निराळी. पण घेताना तो डावीकडून चालणाऱ्या देशासाठी आहे ना, हे पाहावे. आपल्या डिप्परची रेघ डावीकडे वर चढली पाहिजे, म्हणजे कडेचा पादचारी दिसतो. उजवीकडे चालणाऱ्या देशांसाठी बनलेल्या दिव्यात ती उजवीकडे चढते, म्हणजे थेट समोरच्याच्या चेहऱ्यावर.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत याचे माप दिलेले आहे. दिव्यापासून आठ मीटरवर असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिवा दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे साधारण आपल्याच डोळ्यांची उंची. दिपलेल्या डोळ्याला सावरायला तीन सेकंद लागले, तर ६० च्या वेगाने तो चालक ५० मीटर अंधपणे जातो. आणि वयाचा विचार करा. साठीच्या माणसाच्या डोळ्यात आत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो. जुन्या गाड्या चालविणारे बहुधा जुनेच चालक असतात. त्यामुळे दोन म्हाताऱ्या जीपा समोरासमोर आल्या, दोघांनीही अप्पर सोडला नाही, तर त्या क्षणी रस्त्यावर भरपूर उजेड असतो आणि दिसत कुणालाच नसते.

दिव्यांचे सेटिंग हा बिनखर्चाचा भाग आहे. सपाट जागी, टायरांत बरोबर हवा भरून, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिप्पर लावल्यावर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटीमीटर खाली आली पाहिजे. दिव्याच्या कड्यात दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा, एक डावा-उजवा.

यात वडापची एक खास गंमत आहे. तिला आम्ही गंमत म्हणतो खरे. सेटिंग रिकाम्या गाडीवर केले जाते. मग मागे दहा-बारा माणसे बसतात, दोघे लोंबकळतात, गाडीचे ढुंगण खाली जाते आणि नाक वर. दिवे आभाळाकडे पाहू लागतात. रस्ता अंधारात आणि समोरचा चालक आंधळा. म्हणजे जादा प्रवासी भरण्याचा प्रश्न हा दिव्यांचाही प्रश्न आहे. आमच्या सभासदांना हे ऐकायला आवडत नाही. आम्ही त्यांना सेटिंग भरल्या गाडीवर करायला सांगतो, आणि माणसे कमी भरा असेही सांगतो. पहिले ते ऐकतात.

शेवटी आमच्याच दारात येऊ. दिवसाच्या भाड्याने गाडी चालविणारा चालक दिव्यांवर बाराशे रुपये का घालील? गाडी त्याची नाही. मालक का घालील? रात्री तो गाडीत बसत नाही. दिवसा गाडी धावते, पासिंगला दिवे लागतात, पिवळे लागले तरी लागलेच. या दोघांच्या मध्ये ती उसाच्या गाडीमागची बाई चालत असते आणि तिची सही कोणत्याच करारावर नसते. आम्ही संघटनेचे जुने मागणीपत्र काढून पाहिले. पगार, बोनस, विमा, गणवेश, आणि नवव्या क्रमांकावर "गाड्यांची योग्य देखभाल". ते नऊ क्रमांकावर आम्हीच लिहिले होते आणि दरवर्षी तडजोडीत पहिल्यांदा सोडून देत होतो तेही आम्हीच. मालकांना दोष देणे हा आमचा व्यवसाय आहे, पण या बाबतीत तो आम्हांला पुरता करता येत नाही. गेल्या दोन वर्षांपासून ते कलम आम्ही बदलून लिहिले आहे: एंजिन चालू असताना बत्तीवरचा दाब बॅटरीच्या दाबापेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक कमी असता कामा नये, आणि दर हंगामापूर्वी मोजणी चालकासमोर व्हावी. "योग्य देखभाल" म्हटले की वाद घालता येतो. अर्ध्या व्होल्टशी वाद घालता येत नाही. काही मालकांनी ते मान्य केले, काहींनी अजून केलेले नाही. उसाच्या गाड्यांच्या मागे चकाकणाऱ्या पट्ट्या लावण्याचे काम आम्ही वर्गणीतून सुरू केले आहे. ते गाडीवानांना आवडले, बैलांनीही तक्रार केलेली नाही.

अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली. सभागृहाच्या मागच्या पटांगणात ती जीप उभी आहे. एका बाजूच्या दिव्याला रिलेची वायरिंग आहे आणि दुसऱ्या बाजूला आम्ही मुद्दाम आज सकाळी जुनी वायरिंग परत जोडली आहे. भिंत समोर आहे, अंधारही आता पुरेसा पडला असेल. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी ती उद्या संध्याकाळी येथेच आणावी. मीटर आमच्याकडे आहे. मोजण्याचे पैसे पडणार नाहीत.